दादाच्या लॅपटॉपसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

आजपासून नोंदी सुरू. पर्सनल कॉम्प्युटरसाठी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम शून्यापासून लिहायची आणि ती दादाच्या जुन्या लॅपटॉपवर चालवायची, असं काम घेतलंय. दादा रोज रात्री लिहितो. यंत्राकडून त्याची अपेक्षा फार नाही. चालू केलं की लगेच लिहायला बसता यावं, लिहिलेलं जाऊ नये, आणि काल जिथे थांबलो तिथून आज पुढे जाता यावं. तेच उद्दिष्ट मी धरलंय: मराठीत एक पान लिहायचं, साठवायचं, यंत्र बंद करायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते पान जसंच्या तसं मिळालं पाहिजे.

लिनक्स टाकलं तर हे एका दुपारचं काम आहे, मला ठाऊक आहे. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला आपलं काम जाहीर केलं तेव्हा तेही छंदाचंच होतं, पण त्यामागे आता हजारो माणसांची तीन दशकांहून जास्त मेहनत उभी आहे. त्याच्याशी माझी तुलनाच नाही. कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत मधे काय काय घडतं, ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघायचंय. आणि त्यातून जे निघेल ते निदान एका माणसाच्या तरी उपयोगी पडावं, अशी मनापासून इच्छा आहे.

दोन फायली उघडल्या: ‘जमतं’ आणि ‘जमत नाही’. दुसऱ्या फाइलला एक नियम लावलाय. नुसतं ‘अमुक नाही’ असं लिहायचं नाही, का नाही तेही लिहायचं. कारण सांगता आलं नाही तर तो दोष समजायचा आणि शोधत बसायचं.

११ जानेवारी

बूट होतंय. सध्या फक्त क्यूईएमयूमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये.

यंत्र सुरू करणाऱ्या, त्यातच बसवलेल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. त्याच्या जुन्या, बायोसच्या पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटचा तुकडा, मेमरीत यायचा, त्याच्या शेवटी ५५ एए ही खूण लागायची, आणि प्रोसेसर १६ बिटांच्या अवस्थेत, जेमतेम १ एमबी मेमरी दिसेल असा उभा असायचा. तिथून ६४ बिटांपर्यंत एकेक पायरी चढायची. यूईएफआय या नव्या पद्धतीमुळे हा प्रवास वाचला. पेन ड्राइव्हवर फॅट पार्टिशन, त्यात ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाइल, की फर्मवेअर ती थेट ६४ बिटांत चालू करतं.

अडकले ते निरोप घेताना. कर्नलने, म्हणजे माझ्या सिस्टिमच्या गाभ्याने, ताबा घेण्याआधी फर्मवेअरकडून मेमरीचा नकाशा मागायचा, त्यासोबत मिळालेला क्रमांक परत द्यायचा, आणि मग ‘आता तुझ्या सेवा बंद’ असं सांगायचं. माझं सांगणं दर वेळी नाकारलं जात होतं. मधे मी ‘नकाशा मिळाला’ अशी एक ओळ छापत होते. ती छापताना फर्मवेअर स्वतःसाठी थोडी मेमरी घेत होतं, म्हणून नकाशा बदलत होता आणि माझ्या हातातला क्रमांक शिळा ठरत होता. ओळ काढली, काम झालं. शिवाय नाकारलं तर नकाशा नव्याने मागून पुन्हा प्रयत्न करायचा, असंही लिहून टाकलं.

‘जमत नाही’मधली पहिली नोंद: सिक्युअर बूट चालू असेल तर ही सिस्टिम सुरू होणार नाही. फर्मवेअरला ओळखीची सही लागते, ती माझ्या फाइलवर नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं लागेल.

१९ जानेवारी

पहिल्यांदा दादाच्या लॅपटॉपवर. पडद्यावर उभी पांढरी रेघ काढली, ती तिरकी आली. खाली जाता जाता डावीकडे कलत होती, पार कडेला पोचली की उजवीकडून पुन्हा सुरू.

पडदा १३६६ बाय ७६८ आहे. मी धरून चालले होते की एका ओळीत १३६६ पिक्सेल, म्हणजे दुसरी ओळ १३६७ व्या पिक्सेलपासून. पण ग्राफिक्सच्या मेमरीत एक ओळ १३७६ पिक्सेलची होती. शेवटचे १० पिक्सेल कुठेच दिसत नाहीत, हार्डवेअरला सोयीचा आकडा व्हावा म्हणून ते भरतीचे. मी दर ओळीला १० पिक्सेल कमी चालत होते, म्हणून रेघ दर ओळीला १० पिक्सेल मागे सरकत होती. फर्मवेअर हा आकडा वेगळा देतं, मीच तो वाचला नव्हता. क्यूईएमयूमध्ये दोन्ही आकडे एकच होते, त्यामुळे चूक झाकली गेली. यापुढे प्रत्येक टप्पा खऱ्या यंत्रावर बघायचाच.

मर्यादा: पडद्याचं रिझोल्यूशन सुरू होतानाच ठरतं. फर्मवेअरचा निरोप घेतल्यावर ते बदलायची सोय जाते, आणि ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर लिहिणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. प्रत्येक पिक्सेल प्रोसेसरच रंगवतो. म्हणून आधी साध्या मेमरीत पूर्ण चित्र तयार करते आणि बदललेला भागच पडद्याकडे पाठवते. पडद्याच्या मेमरीतून परत वाचणं फारच सावकाश होतं, ते एकदाही करायचं नाही.

२ फेब्रुवारी

घड्याळ. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला टायमर अजूनही वापरता येतो. त्याची गती सेकंदाला ११,९३,१८२ ठोके. हा विचित्र आकडा अमेरिकी रंगीत टीव्हीच्या सिग्नलमधून आला. त्या सिग्नलच्या चौपट गतीचा स्फटिक सहज मिळायचा, तो पीसीत बसवला, त्याला ३ ने भागून प्रोसेसरची ४.७७ मेगाहर्ट्झ गती काढली आणि १२ ने भागून टायमरची.

मला सेकंदाला १०० इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरला हाक मारणारे इशारे, हवेत. भागाकार ११९३१.८२ येतो, पण टायमरला पूर्णांकच लागतो. ११९३२ दिला तर इंटरप्ट किंचित उशिरा येतो. दर ठोक्याला १० मिलिसेकंद मोजत गेले तर दिवसाला साधारण १.३ सेकंद घड्याळ मागे पडतं. कोणाला कळलंही नसतं, पण मला ते सलत होतं. आता दर ठोक्याला ११९३२ भागिले ११९३१८२ इतका खरा वेळ मिळवते.

१४ फेब्रुवारी

नऊ दिवस एकाच दोषामागे गेले. सविस्तर लिहिते, कारण या मार्गाने जाणाऱ्या कोणालाही हा दोष गाठू शकतो.

मोकळ्या मेमरीची बेरीज करणारं एक छोटं फंक्शन आहे. ते शंभरदा चालवलं तर अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर, दोनदा भलताच आकडा. टायमर बंद केला की शंभरदा बरोबर. म्हणजे इंटरप्टचा संबंध नक्की होता. पण इंटरप्टचं फंक्शन मी पुन्हा पुन्हा वाचलं, सगळे रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे, जपून ठेवत होतं आणि परत देत होतं. पूर्ण रिकामं करून बघितलं, तरी बेरीज चुकायची.

शेवटी बेरजेच्या फंक्शनचा असेम्ब्ली कोड, म्हणजे कंपायलरने माझ्या कोडचं यंत्रासाठी केलेलं भाषांतर, छापून एकेक ओळ वाचली. कंपायलरने बेरीज स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवली होती, पण ती कुठवर वापरात आहे हे दाखवणारा पॉइंटर हलवलाच नव्हता. पॉइंटरच्या खालच्या मोकळ्या जागेत ती तशीच ठेवून दिली होती. नियमात ते बसतं. ६४ बिटांच्या युनिक्स पद्धतीच्या करारात पॉइंटरखालचे १२८ बाइट फंक्शनला असे वापरता येतात, त्याला रेड झोन म्हणतात. जे फंक्शन पुढे कोणालाच बोलावत नाही, त्याचा तेवढाच वेळ वाचतो. पण कर्नलमध्ये असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच स्टॅकवर, त्याच पॉइंटरखाली, आपले ४० बाइट टाकतो. प्रोसेसरला हा करार माहीत नाही. नेमकं बेरजेच्या मधे हे घडलं की बेरीज पुसली जाते.

उपाय म्हणजे कंपायलरला एक सूचना: कर्नलसाठी रेड झोन वापरू नको. एका ओळीचा बदल. आज बेरीज दहा हजार वेळा चालवली, एकदाही चुकली नाही.

या दोषावर मी आधी एक ठिगळ लावलं होतं: बेरीज दोनदा करायची आणि जुळली तरच घ्यायची. ते काढून टाकलं. ते राहिलं असतं तर दादाच्या पानातलं एखादं अक्षर कधीतरी असंच बदललं असतं, आणि ते कशाने बदललं हे मला कधीच सांगता आलं नसतं.

१ मार्च

कीबोर्ड. लॅपटॉपवर चालला, माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नाही. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड जुन्या पीएस/२ पद्धतीनेच बोलतो. ठरलेल्या पोर्टवर कळीचा आकडा येतो, तो उचलायचा. माझा यूएसबी कीबोर्ड आहे. त्यासाठी यूएसबीच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो, त्यावर हबची ओळख, त्यावर कीबोर्डची ओळख. ते काही महिन्यांचं काम आहे.

म्हणून मोठी मर्यादा: यूएसबीचं काहीही नाही. बाहेरचा कीबोर्ड नाही, माउस नाही. आणि ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण ज्या पेन ड्राइव्हवरून सिस्टिम सुरू होते तोही सुरू झाल्यावर दिसत नाही. तोवर फर्मवेअर तो वाचत असतं, आणि त्याला आपणच निरोप दिलेला असतो.

कळींची मांडणी इनस्क्रिप्टची ठेवली, दादाचा हात त्यावरच बसलाय. के दाबलं की क, डी दाबलं की हलन्त. नुक्त्याचा ऱ जे वर शिफ्टने. तो लक्षात ठेवायचा, पुढे लागणार आहे.

९ मार्च

मेमरीची पानं, म्हणजे तिचे ठरावीक मापाचे तुकडे, आणि प्रोग्रॅमना वेगवेगळं ठेवणं. आता संपादक, म्हणजे लिहिण्याचा प्रोग्रॅम, कर्नलच्या बाहेर, कमी अधिकारांत चालतो. त्याने नको तिथे हात घातला तर तो एकटा बंद पडतो, बाकी सिस्टिम उभी राहते. संपादक मेला तरी लिहिलेलं कर्नलकडे राहतं आणि नव्याने उघडलेल्या संपादकाला ते परत मिळतं. ‘जमतं’मध्ये लिहिताना आज खरंच आनंद झाला.

लॅपटॉपवर पहिल्याच क्षणी यंत्र रीस्टार्ट व्हायचं. पडद्यावर काहीच दिसायचं नाही, म्हणून प्रत्येक पायरीला कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा चौकोन काढत गेले. पिवळ्यापर्यंत यायचं, हिरव्याला कधीच नाही. त्या दोहोंमधे मी पानांच्या तक्त्यासाठी ४०९६ बाइटची नवी जागा घेत होते आणि ती शून्याने भरत नव्हते. क्यूईएमयू कोरी मेमरी देतो, खऱ्या यंत्रात मागचा कचरा असतो. ५१२ नोंदींच्या तक्त्यात कचऱ्यामुळे काही नोंदी ‘इथे पान आहे’ असं सांगत होत्या.

मर्यादा: प्रोसेसरचा एकच कोर वापरला जातो, बाकीचे झोपलेले राहतात. एका माणसाच्या लिहिण्याला एक पुरतो. सगळे उठवले तर कर्नलमधल्या प्रत्येक यादीला कुलूप लावावं लागेल, आणि ते मला अजून नीट येत नाही.

२३ मार्च

आज देवनागरी. या कामासाठीच मी एवढा खटाटोप मांडला, असं म्हटलं तरी चालेल.

इंग्रजी अक्षरं जशी येतात तशी शेजारी शेजारी काढली की झालं. देवनागरीत साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ‘स्थिती’ घ्या. मेमरीत स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं. वेलांटी चौथी येते, पण काढायची सगळ्यात आधी, आणि तीही नुसत्या थ च्या आधी नाही, अख्ख्या स्थ च्या आधी. म्हणजे वेलांटी आली की मागे जाऊन जोडाक्षर कुठून सुरू झालं ते शोधायचं. पहिल्या प्रयत्नात माझी वेलांटी स् आणि थ यांच्यामधे जाऊन बसली होती.

रफाराचं उलटं. ‘मूर्ती’मध्ये र आणि हलन्त त च्या आधी साठवलेले, पण रफार काढायचा सगळ्यात शेवटी, दीर्घ वेलांटीच्याही पलीकडे डोक्यावर. एकाला मागे न्यायचं, दुसऱ्याला पुढे, आणि त्यासाठी आधी अक्षराची सीमा बरोबर ठरली पाहिजे. सीमा ठरवणारं फंक्शन तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा कुठे पटलं.

आणि मग आपला मराठी र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास दक्षिणा दिली आणि आचाऱ्यास दक्षिणा दिली, यांत माणूसच बदलतो. एक रफार देऊन काम भागवलं तर मराठीतले हे शब्द एकमेकांत मिसळतात. युनिकोडमध्ये यासाठी नुक्त्याचा ऱ वेगळा आहे, यू+०९३१. त्याच्यापुढे हलन्त आणि य आला की रफार करायचा नाही, आडवा र काढायचा. जुन्या मजकुरात हाच र साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशाही रीतीने लिहिलेला सापडतो. दादाच्या फायलींत दोन्ही प्रकार आहेत, म्हणून दोन्ही ओळखायला शिकवले.

अक्षरांचे आकार मुक्त परवान्याच्या नोटो सॅन्स देवनागरीतून घेतले. ल आणि श मराठी वळणाचेच निवडले. फॉन्टमध्ये भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणाचे मिळतात. आकार दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधीच चित्रांत रूपांतरित करून कर्नलसोबत ठेवले. त्याची किंमत: अक्षर एकाच मापात, २४ पिक्सेलमध्ये. मोठं-लहान करता येत नाही, ठळक-तिरपं नाही. फॉन्टची फाइल प्रत्यक्ष वाचून वक्र काढायचे आणि अक्षरं जुळवणारी हार्फबझसारखी लायब्ररी आणायची हा पूर्ण उपाय आहे. ती आणायची तर तिला लागणारी सी आणि सी++ ची सगळी पायाभूत फंक्शनं आधी उभी करावी लागतील. तोवर दुर्मिळ जोडाक्षर आलं की पाय मोडून, हलन्त दाखवून लिहिलं जाईल. वाचता येतं, दिसायला ओबडधोबड.

रात्री पडद्यावर ‘दऱ्याखोऱ्यांत’ हा एकच शब्द लिहून ठेवला. दोन्ही र जागच्या जागी आहेत.

५ एप्रिल

कर्सर आणि खोडणं. दादाला समोर बसवून विचारलं, ‘दादा, स्थिती लिहून मागची कळ दाबलीस तर काय जावं?’ तो म्हणाला, ‘शेवटी जे दाबलं ते.’ म्हणजे आधी दीर्घ वेलांटी, मग त. ‘आणि बाणाची कळ?’ ‘अख्खं अक्षर. स्थि च्या पोटात कर्सर गेला तर मला कळणार कसं तो कुठे आहे?’

तसंच केलं. बाण अक्षराच्या सीमेवरून उडी मारतो, मागे खोडताना एकेक चिन्ह जातं, पुढचं खोडताना अख्खं अक्षर जातं. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. त्यामुळे एका अक्षरात किती बाइट हे आधी सांगताच येत नाही, दर वेळी मोजावं लागतं.

२० एप्रिल

डिस्क आणि फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत. डिस्क साटा जोडणीची आहे, तिचा ड्रायव्हर तीन आठवड्यांत झाला. एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीची डिस्क असलेल्या नव्या यंत्रांवर सिस्टिम सुरू होईल, पण काही साठवता येणार नाही.

फाइल सिस्टिम स्वतःची काढायचा मोह होता, तो आवरला. फॅट ३२ घेतली. उद्या माझी सिस्टिम बंद पडली तरी दादाची पानं दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडली पाहिजेत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिच्या मर्यादा आता माझ्याही मर्यादा झाल्या: एक फाइल ४ जीबीहून लहानच, बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत, तारीख १९८० च्या आधीची नाही, आणि कोणती फाइल कोणाची याची नोंदच नाही.

आज फायलींची यादी छापली आणि एका नावाच्या शेवटी कचरा आला. बाकी सगळी नावं स्वच्छ. ती फाइल नेमकी हीच, ‘प्रकल्प नोंदी’, शेवटी टीएक्सटी वगैरे काही न लावता ठेवलेली. मोठी नावं फॅटमध्ये ३२ बाइटच्या तुकड्यांत साठवतात, एका तुकड्यात १३ चिन्हं: आधी ५, मग ६, मग २. नाव संपलं की शून्य, उरलेल्या जागेत भरती. आता मोजलं: प, हलन्त, र, क, ल, हलन्त, प, मधली मोकळी जागा, न, ओकार, अनुस्वार, द, दीर्घ वेलांटी. बरोबर तेरा. नाव तुकड्यात काठोकाठ बसलं की शेवटचं शून्य लिहायचंच नसतं, असं नियम सांगतो. माझा कोड शून्य शोधत पुढच्या मेमरीत निघून गेला होता. तुकडे संपले की थांबायचं, ही अट टाकली. दुसरं नाव दिलं असतं तर हा दोष किती दिवस दडून राहिला असता कोण जाणे.

४ मे

लिहिताना वीज गेली तर? फॅटमध्ये जर्नल नाही, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम पुन्हा उलगडायला नोंद नाही. म्हणून लिहिण्याचा क्रमच असा ठेवला: नवा मजकूर मोकळ्या जागेत, मग त्या जागेची साखळी, आणि सगळ्यात शेवटी डिरेक्टरीतली नोंद जुन्यावरून नव्याकडे वळवायची. प्रत्येक टप्प्यानंतर डिस्कला तिचा कॅश, म्हणजे लिहायचं तात्पुरतं धरून ठेवणारी तिची मेमरी, रिकामा करायला सांगायचं. शेवटची नोंद ३२ बाइटची, ५१२ च्या सेक्टरमध्ये अशा सोळा बसतात, म्हणून ती कधी दोन सेक्टरांत विभागली जात नाही. जुनी जागा मोकळी करणं त्यानंतर. मधे वीज गेली तर जुनं पान तरी राहील किंवा नवं तरी. फार तर थोडी जागा हिशेबाबाहेर अडकून पडेल.

बॅटरी काढून, साठवणं चालू असताना चार्जरची वायर उपसली. वीस वेळा. सतरा वेळा जुनं पान, तीनदा नवं. फाटलेलं एकदाही नाही. वीस वेळा म्हणजे पुरावा झाला असं मी मानत नाही, आणखी करणार आहे.

२५ मे

पंखा सतत का फिरतोय ते कळलं. काही काम नसताना माझा कर्नल रिकाम्या चकरा मारत होता. आता काम नसलं की प्रोसेसरला थांबायला सांगतो, पुढचा इंटरप्ट उठवतो. दहा मिनिटांत पंखा शांत. रात्री लिहिणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही.

बंद करणं जमलं. त्यासाठी फर्मवेअरच्या एसीपीआय तक्त्यातून, म्हणजे वीज आणि हार्डवेअर सांभाळायच्या माहितीतून, योग्य आकडे काढावे लागतात. खरं तर ते तक्ते एका छोट्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम असतात आणि ते चालवायला दुभाषा लागतो. मी फक्त बंद करण्यापुरता बाइटांचा ठरावीक क्रम शोधते. बॅटरी किती उरली हे मात्र दुभाष्याशिवाय विचारताच येत नाही. म्हणून बॅटरीचा आकडा नाही, झाकण लावलं की झोपणं नाही. इंटेलची एसीपीआयसीए ही मुक्त लायब्ररी हे काम करते, पुढे तीच आणायची.

बॅटरी दिसत नाही तर निदान काही जाऊ नये, म्हणून दर ३० सेकंदांनी पान आपोआप साठवलं जातं.

८ जून

दादाला दोन्ही याद्या वाचून दाखवल्या. सुरू करण्याआधी हे सांगणं मला गरजेचं वाटलं.

तो ‘जमत नाही’ लक्ष देऊन ऐकत होता. वाय-फाय नाही: त्याच्या चिपला उत्पादकाचं फर्मवेअर लागतं, आणि वर कूटबद्ध जोडणीचं सगळं काम. म्हणून ब्राउझर नाही, मेल नाही. आवाज नाही. छपाई नाही. ‘नेट नाही ते बरंच आहे,’ तो म्हणाला, ‘पण बॅटरी दिसत नाही हे अडेल.’ चार्जर लावून बसायचं असं ठरलं.

मग त्याने विचारलं, ‘यातून पान बाहेर कसं न्यायचं?’ पेन ड्राइव्ह दिसत नाही, नेट नाही. त्याची जुनी सिस्टिम डिस्कवर तशीच ठेवली आहे, पानं वेगळ्या फॅट पार्टिशनवर आहेत. लॅपटॉप जुन्या सिस्टिममध्ये चालू केला की ती फोल्डरमध्ये दिसतात, तिथून कुठेही नेता येतील. ‘म्हणजे बाहेर न्यायला दर वेळी बंद करून चालू करायचं,’ तो म्हणाला. हो, दर वेळी. यादीतल्या सगळ्या ओळींमध्ये मला हीच ओळ सर्वांत जास्त टोचते.

२१ जून

कळ दाबल्यापासून लिहायला मिळेपर्यंत ९ सेकंद, त्यातले ६ फर्मवेअरचे. दादाने रात्री साडेनऊला सुरुवात केली, अकराच्या सुमारास बंद केलं. मी शेजारी बसले होते पण पडद्याकडे बघितलं नाही, त्याचं लिहिणं त्याचं आहे. बंद होण्याआधी सिस्टिमने फाइलची सीआरसी बेरीज, म्हणजे मजकूर बदलला का ते ओळखायचा आकडा, नोंदवून ठेवली.

एकदाच हाक आली. ‘ङ्म’ हलन्त दाखवून आलं होतं, त्याला ‘वाङ्मय’ लिहायचं होतं. नोंदवून घेतलं.

२२ जून

रात्री दादाने लॅपटॉप उघडला. बेरीज कालचीच. पान जिथे सोडलं तिथे उघडलं, कर्सर शेवटच्या अक्षरानंतर. त्याने शेवटचा परिच्छेद एकदा वाचला आणि लिहायला लागला.

‘वाङ्मय’चा आकार तक्त्यात घातला. यूएसबीच्या कंट्रोलरचं काम आजपासून हाती घेतलं, पेन ड्राइव्ह दिसेपर्यंत दुसरं काही नाही.